सोलापुरात पोलिसांवरच्या चौकशीची कागदपत्रं माहिती अधिकारात कशी मागावीत

‘त्या हवालदाराचं सर्व्हिस बुकच मागवून घ्या,’ असा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका. तसा अर्ज हमखास फेटाळला जातो. पोलिसांवर आलेल्या तक्रारींचं पुढे काय झालं हे जाणून घेण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे, पण अर्ज नीट लिहिला तरच तो हक्क पदरात पडतो.

आधी कार्यालय ठरवा. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका अशी शहरातली ठाणी पोलीस आयुक्तालयाकडे येतात. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा हा भाग सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षकांकडे आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत वर्ग व्हायला हवा. त्यावर विसंबू नका.

जोडपत्र ‘अ’ (म्हणजे माहिती अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का. एवढं झालं की तयारी संपली.

खरं काम मजकुराचं आहे, आणि माझ्या अर्जांना बहुतेक नकार इथेच आले. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. त्यामुळे अन्यायाची हकिकत अर्जात लिहू नका, ती तक्रारीत लिहा. ‘कारवाई का केली नाही?’ असंही विचारू नका. माहिती अधिकारी कागद देतो, कारणं शोधून देत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या: ‘दि. … रोजीच्या माझ्या तक्रारीवर (आवक क्र. …) झालेल्या प्राथमिक चौकशीचा अहवाल, त्यावरील टिप्पणी व अंतिम आदेश यांच्या साक्षांकित प्रती.’

नकार बहुधा कलम ८(१)(ञ) खाली, म्हणजे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याचे मेमो आणि शिक्षेचे आदेश वैयक्तिक ठरवले. पुढे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केलं आणि त्यातला जनहिताचा अपवाद काढून टाकला. हा बदल लोकांच्या हक्कावर घाव आहे, असं माझं ठाम मत आहे. तरीही कलम ८(२) शिल्लक आहे. त्याखाली जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जातच दोन ओळींत जनहित सांगा: कोठडीतली मारहाण, गुन्हा नोंदवायला नकार, पैशांची मागणी, जे असेल ते. पुढची ओळ: ‘काही भाग देता येत नसल्यास कलम १० प्रमाणे तो वगळून उर्वरित माहिती द्यावी.’ ही ओळ कधीही गाळू नका.

चौकशी सुरू आहे म्हणून ८(१)(ज) दाखवलं, तर माहिती दिल्याने चौकशीला नेमका कसा अडथळा येतो ते लेखी मागा. नुसतं ‘प्रलंबित’ हे कारण पुरत नाही.

तुमची स्वतःची तक्रार नसेल तर व्यक्तीचं नाव घेऊच नका. ठाणेनिहाय आणि वर्षनिहाय आकडे मागा: आलेल्या तक्रारी, सुरू झालेल्या विभागीय चौकश्या, झालेल्या शिक्षा. नावं नसतील तर वैयक्तिक माहितीची सबब टिकत नाही.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी वेगळा अर्ज करा, आणि तोही लगेच. चित्रीकरण १८ महिने जपावं, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. अर्जासोबत ते जतन करण्याची लेखी विनंतीही द्या.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. मुदत उलटून दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, कलम ७(६). पहिल्या अपिलातही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील करा. तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून मूळ तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे आधीच पाठवून ठेवा.