झॉम्बीने झोंबायचं नाही! साथीचा खेळ असा बसवा

चेहऱ्याला रंग फासला की झॉम्बी झाला, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मे महिन्यातल्या घामाने तो रंग दहा मिनिटांत गळ्यापर्यंत उतरतो. झॉम्बी ओळखू येतो तो चालीवरून. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर दर सुट्टीत मी झॉम्बींच्या साथीचा हा खेळ बसवते, ज्यात झॉम्बी चावला की चावलं गेलेलं मूलही झॉम्बी होतं, आणि रंगाचा डबा कधीच बंद केला आहे.

जागा म्हणून कापणी झालेलं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचं, शेत घ्या. खुंट टोचतात, म्हणून पायांत बूट हवेत. बिनकठड्याची विहीर जवळ असेल तर ती जागा सोडा. रान आणि काजूची बागही नको. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. राखणदाराच्या स्थानाजवळही खेळू नका. देवचार गाव राखतो, त्याला या मढ्यांच्या रांगेत बसवू नये.

वीस मुलांमागे दोन झॉम्बी पुरेत.

चालीचा नियम एकच: टाच जमिनीवरून उचलायची नाही. त्यामुळे झॉम्बीला पळता येत नाही, मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढता येत नाही, आणि पाय घासल्याचा आवाज आधी कानावर येतो. वाचणाऱ्यांसाठी मेर म्हणजे आसरा, पण दहा आकडे मोजेपर्यंतच. मग दुसऱ्या कुणग्यात, म्हणजे मेरांमधल्या शेताच्या तुकड्यात, उडी मारायलाच हवी.

आता चाव्याचं. पहिली तीन वर्षं माझा खेळ इथेच मोडत होता. ‘लागला’, ‘नाही लागला’ यावरून रडारड व्हायची, मग ढकलाढकली. एका वर्षी एका मुलाचं कोपर सोलवटून निघालं, तेव्हा मी खेळ तिथेच थांबवला. पंच नेमा म्हणतात, पण वीस पाठींवर एका पंचाची नजर पुरत नाही. कुंकू वापरून पाहिलं, सदऱ्यांवरचे डाग गेले नाहीत. शिगम्यातला उरलेला गुलाल डोळ्यांत गेला. शेवटी तांदळाचं कोरडं पीठ कामाला आलं. झॉम्बीच्या तळहाताला पीठ, बाकीच्यांच्या अंगात गडद सदरे. पाठीवर किंवा खांद्यावर पांढरा पंजा उमटला तरच चावा. पंजा नाही तर चावा नाही, तिथे वाद संपतो. मानेला हात लावायचा नाही, सदरा धरायचा नाही, दात तर मुळीच नाहीत. झॉम्बीने झोंबायचं नाही, हे मी मुलांकडून तीनदा म्हणवून घेते.

चावा बसलेल्याने लगेच उठून दुसऱ्याला धरलं की पाच मिनिटांत सगळं शेत झॉम्बींचं होतं. त्याने जागीच बसून सावकाश शंभर आकडे मोजावेत, मग तळहाताला पीठ लावून उठावं. हा वेळ कमी करू नका. साथ हळूहळू पसरते आहे हे दिसलं तरच उरलेले एकमेकांना हाका मारतात, लहानांना मेरेवर ओढून घेतात. मी हा खेळ घेते तो ते पाहण्यासाठी.

हैतीच्या लोककथांतला मूळ झॉम्बी चावत नाही, तो दुसऱ्याच्या हुकमात राबणारा मृत माणूस. माणसं खाणारा झॉम्बी १९६८ नंतर अमेरिकन सिनेमाने रुजवला. खेळाला हा दुसरा लागतो, पण पहिल्याचा हुकूम मी ठेवला आहे. शिट्टी वाजली की प्रत्येक झॉम्बीने असेल तिथे थांबायचं. न थांबणारा त्या दिवसापुरता बाहेर, मग तो माझा भाचा का असेना.

दिवेलागणीआधी खेळ आटपा. कोकम सरबत देण्यापूर्वी डोकी मोजा.