खेळत्या भांडवलाचं आख्यान

धंद्यावर पुस्तक लिहिणाऱ्या नवख्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वेंगुर्ल्याला येतात. बहुतेकांचं पहिलं प्रकरण एकाच साच्यातलं असतं. आधी व्याख्या, मग प्रकार, आणि चौकटीत कुणा बड्या उद्योगपतीचा किस्सा. वाचक चौकट तेवढी वाचतो नि पुस्तक मिटतो. त्याचं काही चुकत नाही.

'खेळतं भांडवल' घ्या. चालू मालमत्ता वजा चालू देणी, एवढं सांगून मोकळं होता येतं. पण इकडच्या काजू कारखानदाराला ते कसं भिडतं बघा. काजू बी येते साधारण मार्च ते मे. पावसाच्या आत पुढच्या कित्येक महिन्यांचा माल भरायचा, म्हणजे जवळचे पैसे आणि बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) सगळी गोण्यांत अडकली. चार किलो बी फोडली की जेमतेम किलोभर गर. त्यातही अख्खा निघाला तर भाव, तुकडा पडला की दर उतरला. फोडणी-सोलणीची मजुरी थांबत नाही, आणि गर खपणार गणपती-दिवाळीला. आता मे अखेरीला त्या माणसाशेजारी उभे राहा. ढग भरून आलेत, बीचा भाव चढलाय, सीसीची मर्यादा संपत आलीय. घ्यायची की थांबायचं? प्रकरण इथे सुरू करा. व्याख्या तिसऱ्या पानावर आली तरी चालेल, तोवर वाचकालाच ती हवी झालेली असते.

कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. बुवांना ते परवडतं, कारण श्रोते देवळात मांडी घालून बसलेले असतात. आपला वाचक दुकानात उभ्याउभ्या पानं चाळतो. म्हणून आपण आख्यान आधी लावायचं.

माणसांशी बोलताना 'यशाचं रहस्य' विचारू नका, भाषण ऐकावं लागेल. त्या वर्षी बी काय भावाने घेतलीत, पैसे कुठून उभे केलेत, घरात कोण नको म्हणालं, हे विचारा. 'सांगण्यासारखा काय आसा?' म्हणून आधी उडवून लावतील. दुसरा चहा येईपर्यंत बसा. जुनी वही बाहेर आली की खरं काम सुरू होतं.

छापताना नुसतं नाव बदलून भागत नाही. 'थोरला मुलगा मुंबईला, धाकटा कारखान्यात' एवढ्यावरून अख्खा तालुका ओळखतो. पानं त्यांना दाखवा, आकड्यांना त्यांची परवानगी घ्या. दोघा-तिघांचे अनुभव एका पात्रात घातले असतील तर तसं प्रस्तावनेत सांगून टाका. आणि निव्वळ कल्पनेवर विसंबू नका. जुलैत भर पावसात बागेतून ताजी बी विकत घेणारा नायक मी एका हस्तलिखितात पाहिलाय. धंद्यातला वाचक अशा ठिकाणी हसतो आणि मग तुमचा एकही आकडा खरा मानत नाही.

जीएसटी, परवाने, नोंदणी यांत मात्र गोष्ट घुसवू नये. तिथे तक्ताच हवा.

गोष्ट झाली की हिशेबावर या. माल कधी घेतला, पैसे कधी दिले, विकला कधी, पैसे हातात कधी पडले, असा एक तक्ता द्या. एका रकान्यात काजूवाल्याच्या तारखा, शेजारचा रकाना वाचकासाठी कोरा. पेन्सिलीने लिहिता येईल एवढी जागा सोडायला मांडणी करणाऱ्याला आधीच बजावा, नाहीतर पान वाचवायला तो ओळी चिकटवतो.