दुखण्याची आणेवारी : घरातल्या वयस्कर कॅन्सर रुग्णासाठी

"कितलं दुखस?" विचारलं, की खान्देशातलं म्हातारं माणूस "जराखं" म्हणून कूस बदलतं. शून्य ते दहाचा आकडा पुष्कळांना जमत नाही, पण पिकाची आणेवारी नेमकी कळते. तेव्हा सोळा आण्यांत दुखणं किती, हे विचारा. स्वस्थ पडल्यावर किती आणि उठताना किती, दोन्ही वहीत टिपा. आठ आणे म्हणजे डॉक्टरांच्या मोजणीत पाच. जळजळ, झिणझिण्या, करंट लागल्यासारखं असेल तर तोच शब्द लिहा. ते नसेचं दुखणं असू शकतं, त्याची गोळी वेगळी.

कॅन्सरच्या मोठ्या दुखण्यावर मॉर्फिन हे कडक वेदनाशामक देतात. त्याची साधी गोळी सुमारे चार तास काम करते. ती घड्याळ पाहून द्यायची, कण्हणं सुरू झाल्यावर नाही. दुखणं एकदा चढलं की आवरायला जास्त औषध लागतं. थकलेल्या शरीराला सुरुवात बहुधा 2.5 ते 5 मिलिग्रॅमने होते, मात्रा डॉक्टरच वाढवतात. मधेच कळ आली तर द्यायची जादा मात्रा सहसा दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा ते दहावा भाग असते. ती लिहून घ्या आणि दिली की वहीत नोंदवा. बारा तासांची, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी कुटून देऊ नका, सगळं औषध एकदम उतरतं.

मॉर्फिनने पोट साफ होत नाही, म्हणून ते सुरू त्या दिवसापासून रेचकही सुरू. आपल्याकडे केळी आणि इसबगोलवर भिस्त असते. पण पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात इसबगोल गोळा होऊन अडकतो. आतड्याला चालना देणारं सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल डॉक्टरांकडून घ्या.

खरी कसोटी उन्हाळ्यात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, म्हातारं माणूस पाणी पीत नाही, मूत्रपिंड मंदावतं आणि तीच मात्रा अंगात साचते. हातपाय दचकणं, भलतंसलतं बोलणं, नको इतकी झोप ही त्याची चिन्हं; त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल तर थेट दवाखाना. मेडिकलवरून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मूत्रपिंडावर आणखी भार टाकते.

फेंटॅनिल हेही मॉर्फिनसारखंच कडक औषध, ते कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून देतात. ही पट्टी 72 तासांनी बदलतात. ती लावून उन्हात ओट्यावर बसवू नका, जवळ गरम पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध वेगाने शिरतं. ताप आला तरी तेच, म्हणून डॉक्टरांना फोन करा.

पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. सकाळची वाट पाहू नका.

अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 साली झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी ते प्रत्येक ठिकाणी नसतं. धुळे-जळगावची एसटी धरण्याआधी फोन करून साठा विचारा. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की निघा. मॉर्फिन अचानक तुटलं तर घाम, जुलाब, तगमग होते आणि दुखणं सोळा आण्यांवर जातं.