सोमनाथ, गीर आणि कच्छचे रण: मोटारीचा लांबचा दौरा कसा आखावा

सोमनाथ-द्वारकेचे दर्शन, गीरचे सिंह आणि कच्छचे रण एकाच दौऱ्यात साधायचे ठरले की बहुतेक जण नकाशा उघडून किलोमीटर मोजू लागतात. माझ्या मते आधी पंचांग उघडावे. पौर्णिमेची तिथी, सफारीचा परवाना आणि देवळांच्या वेळा आपल्या सोयीने सरकत नाहीत. त्या आधी पक्क्या केल्या, तर मुक्काम आणि रस्ते त्यांच्याभोवती सहज बसवता येतात.

गीर, वेळावदरचे काळवीट उद्यान आणि छोट्या रणातील घुडखर (रानगाढव) अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर या काळात बंद असते. पावसाळ्यात मोठ्या रणात साचलेले पाणी हळूहळू आटून मिठाचा पांढरा थर वर येतो आणि तो डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तम दिसतो. पांढऱ्या रणाकाठच्या धोरडो गावी ऐन पौर्णिमेला फार गर्दी असते, म्हणून मी त्रयोदशी किंवा चतुर्दशी सुचवेन. त्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वीच चंद्र वर आलेला असतो, त्यामुळे उन्हाचा तांबूस रंग जाऊन चांदणे पसरेपर्यंत मध्ये अंधार असा पडतच नाही. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत मात्र चंद्र उगवण्याची वाट पाहत थंडीत उभे राहावे लागते.

मुंबईहून निघत असाल, तर धोरडोचा दिवस नववा धरून मागे मोजत यावे. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला मोटारी नेणारी रो-रो फेरी आहे. तिने खंभातच्या आखाताचा मोठा वळसा वाचतो. फेरीच्या वेळा बदलतात, म्हणून त्याच दिवशीचा कोणताही परवाना काढून ठेवू नये. घोघ्याहून वेळावदर जवळ असल्याने दुसरी संध्याकाळ तिथल्या गवताळ माळावर काळविटांच्या कळपांसाठी ठेवता येते.

तिसऱ्या दिवशी गीरच्या सफारी जिथून सुटतात त्या सासणला पोहोचावे. गीरच्या जंगलातील सफारीचा परवाना जीपमागे मिळतो, एका जीपमध्ये सहा प्रवासी बसतात आणि आरक्षण करताना दिलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवावे लागते. पाकिटात आधार आणि अर्जात वाहन परवाना असा घोळ सासणच्या खिडकीवर पहाटे निस्तरत बसण्यापेक्षा, कोणाचे कोणते ओळखपत्र दिले आहे ते घरीच लिहून ठेवावे. २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ भरली असली, तरी ते सौराष्ट्रात दूरवर पसरलेले असल्यामुळे एकाच फेरीत दर्शनाची खात्री धरू नये. एक सकाळची आणि एक दुपारची अशा दोन फेऱ्या घ्याव्यात. लहान मुले बरोबर असतील, तर कुंपण घातलेले देवळिया उद्यान अधिक सोयीचे आहे, मात्र ते बुधवारी बंद असते.

सासणहून सोमनाथ तासा-दीड तासावर आहे. संध्याकाळी सातची आरती गाठायची असेल, तर मोबाइल, कॅमेरा आणि पिशव्या बाहेर जमा करण्याच्या रांगेसाठी वेळ राखावा. पुढे पोरबंदरवरून द्वारका सुमारे २३० किलोमीटर आहे. नाश्ता करून आरामात निघालो की गाडी नेमकी भर दुपारी द्वारकेत पोहोचते, आणि द्वारकाधीशाचे मंदिर दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन पाचला उघडते. आम्ही एकदा सव्वा वाजता पोहोचलो आणि गोमती घाटावर पायऱ्या मोजत चार तास काढले. त्यापेक्षा वाटेत माधवपूरच्या किनाऱ्यावर थांबून थेट संध्याकाळच्या दर्शनाला जावे. बेट द्वारकेला आता नावेची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सुदर्शन सेतूवरून मोटार थेट जाते.

द्वारका ते भुज हा टप्पा जामनगर-मोरबीमार्गे सुमारे ४०० किलोमीटरचा असून कच्छच्या आखाताला वळसा घालत अवजड ट्रकांच्या सोबतीने कापावा लागतो. पहाटे निघावे, ज्येष्ठ मंडळी असतील, तर एक दिवस वाढवून जामनगरला थांबावे आणि खिजडियाचे पाणपक्षी पाहावेत.

भुजला टाकी पूर्ण भरून घ्यावी. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. तो आधी ऑनलाइन काढावा किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर घ्यावा. वाटेतल्या बन्नी या गवताळ प्रदेशातल्या रस्त्यावर रात्री काळ्या म्हशी हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावरच दिसतात, म्हणून अंधारात वेग अगदी कमी ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोटार मिठावर उतरवू नये. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, पायाखाली कुरकुरतो, पण त्याच्या खाली काळा ओला चिखल असतो आणि त्यात रुतलेले चाक जोर दिला की आणखी खोल जाते.

खावड्याहून धोळावीऱ्याला जाणारा सरळ रस्ता रणाच्या मधून जातो. तो सकाळीच पार करावा, म्हणजे २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या हडप्पाकालीन नगराला ऊन चढण्याआधी दोन-तीन तास देता येतात. नंतर दसाड्याला मुक्काम करून पहाटेच्या जीपने छोट्या रणातील घुडखर पाहावेत. पाठीवर गडद पट्टा असलेली ही तांबूस-पांढरी जनावरे जीप थांबली की मान वळवून पाहत राहतात, मात्र अंतर कमी करू देत नाहीत. तिथून अहमदाबादमार्गे परतावे आणि घरी पोहोचताच गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावा, कारण रणातले खारे मीठ तिथे राहिले तर पत्रा गंजतो.