एसएमबी-१ बंद करताना या चुका टाळा

एका ऑफिसात मी सर्व्हरवरचं एसएमबी-१, म्हणजे विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली शेअर करायची जुनी पद्धत, शुक्रवारी संध्याकाळी बंद केलं आणि निवांत घरी गेलो. सोमवारी दहाला अकाउंट्समधून फोन: “स्कॅन फोल्डरला येतच नाहीये.” कोपऱ्यातल्या जुन्या कॉपियरला एसएमबी-१ सोडून दुसरं काही येतच नव्हतं.

बंद करणं चूक नव्हतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरणारा व्हायरस पसरला तो एसएमबी-१ मधल्याच भोकातून, आणि त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. चूक होती ती कोण वापरतंय हे न बघता बंद करण्याची.

आधी पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड टाकायची खिडकी) सर्व्हरवर एसएमबी-१ चं ऑडिट, म्हणजे ते कोण वापरतंय याची नोंद, चालू करा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी बघायचं साधन) एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० क्रमांकाच्या नोंदी येतात आणि प्रत्येकीत समोरच्या मशीनचा पत्ता असतो. लोक हे दोन दिवस बघून थांबतात. पगाराची फाइल महिन्यातून एकदाच उचलणारं मशीन त्यात कुठून दिसणार? निदान एक पूर्ण महिना जाऊ द्या, त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. शिवाय ही नोंद फक्त त्या सर्व्हरवर येणाऱ्यांची असते. तुमचे पीसी एखाद्या जुन्या नॅसकडे (नेटवर्कवरचा फाइली ठेवायचा डबा) एसएमबी-१ ने जात असतील, तर ते इथे दिसणार नाही.

काही अडलं की ‘तात्पुरतं’ म्हणून मुख्य सर्व्हरवर ते परत चालू करणं ही सगळ्यात महाग चूक. ते तात्पुरतं वर्षभर तसंच राहतं. कॉपियरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर घ्या.

एसएमबी-१ काढल्यावर ‘नेटवर्क’मध्ये मशीन दिसेनाशी होतात, म्हणून घाबरू नका. ती जुनी यादीच एसएमबी-१ वर चालायची. सर्व्हरचं नाव टाकून शेअर उघडतोय ना, ते बघा, आणि ड्राइव्ह मॅप करून द्या.

विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटनंतर नॅस उघडेनासा झाला तर खापर एसएमबी-१ वर फोडू नका. बऱ्याचदा घोळ साइनिंगचा (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही मागण्याचा) किंवा पासवर्डविना गेस्ट लॉगिनचा असतो. नॅसवर नीट युजर-पासवर्ड करा.

राहिलं वजनकाट्याला जोडलेलं एक्सपीचं मशीन. त्याला एसएमबी-१ शिवाय गत्यंतर नाही. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाका, त्याचं इंटरनेट तोडा, आणि त्याच्या फाइलींसाठी मुख्य सर्व्हर सोडून एक वेगळं छोटं मशीन द्या.