सोलापूरच्या उन्हाळ्यात बाळाचं जेवण असं टिकवलं

एप्रिलमध्ये सोलापुरात पारा ४० अंशांवर जातो. सकाळी शिजवलेला लाल भोपळा दुपारी आंबलेला असायचा. आठ महिन्यांच्या लेकीसाठी दर वेळी वाटीभर शिजवणं नोकरीत जमेना. आता भोपळा, गाजर, मूगडाळ वेगवेगळी मऊ शिजवते, मीठ न घालता वाटते. पातेलं गार पाण्यात ठेवून लगेच निववते, मग झाकणाच्या बर्फाच्या ट्रेमध्ये भरते. गोठलेल्या वड्या पिशवीत, वर तारीख. उणे १८ अंशांवर महिनाभर चव छान राहते. रात्री हव्या तेवढ्याच वड्या खालच्या कप्प्यात काढायच्या, सकाळी चांगल्या वाफवून, कोमट झाल्यावर भरवायच्या. उष्टं उरलेलं टाकायचंच. वीज बराच वेळ जाऊन वड्या वितळल्या, तर सासूबाई कितीही हळहळल्या तरी त्या पुन्हा गोठवत नाही.