चुकलेला १०४० आणि आईचं नाव

२०२२ सालचा अमेरिकेतला कर मी इंडियानातल्या वसतिगृहात बसून, एका स्वस्तातल्या सॉफ्टवेअरवर, १०४० या निवासींच्या कर विवरणपत्रावर भरला. एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी साधारणपणे अनिवासीच धरतात, हे त्या सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं! त्यानं मला 'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणजे कुटुंबप्रमुख ठरवून १९,४०० डॉलरची वजावट दिली. सांगलीच्या आईचं नावही अवलंबितांत घालायला मी निघालो होतो. दरमहा पैसे पाठवतो ना, मग ती अवलंबितच की! पण भारतात राहणारे, अमेरिकी नागरिक नसलेले आईवडील तिथे चालत नाहीत.

चूक कळली ती ऑगस्टमध्ये, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात. मग १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म नव्यानं भरला, वर 'अमेंडेड' (दुरुस्त) लिहिलं आणि १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मच्या मागे जोडून टपालानं पाठवला. अशा वेळी एक्सवर रकमांचे आकडे भरायचे नसतात, फक्त नाव-पत्ता, ओळख क्रमांक आणि कारण. सोबत ८८४३ फॉर्म, विद्यार्थी म्हणून राहिलेले दिवस निवासी ठरवताना मोजू नयेत यासाठीचा.

बायको एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तीही अनिवासी; म्हणून विवरणपत्रातला दर्जा 'विवाहित, स्वतंत्र'. मात्र भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, १२,९५० डॉलर. बाकी देशांतल्या बहुतेक मित्रांना ती नाही. मुलगा इथेच जन्मलेला, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी ओळख क्रमांक) आहे, म्हणून त्याचं क्रेडिटही, म्हणजे मुलासाठीची करसवलतही, टिकलं.

परताव्यातले काही पैसे व्याजासकट परत गेले. आईला अजून वाटतं, सरकारनं तिला नाकारलं.